अपंग चालकाची गाडी पोलिसांनी थांबवली तर : पहिल्या मिनिटात काय घडायला हवं

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याचा विकार) आहे. त्याच्याकडे रीतसर लायसन्स आहे आणि चार वर्षांपासून तो हाताच्या कंट्रोलची ऑटोमॅटिक गाडी चालवतो. त्याचं बोलणं जड आहे, उजवा हात मधूनच झटका देतो. मागच्या महिन्यात रात्री पोलिसांनी त्याला थांबवलं. दारू प्यायलाय असं समजून खाली उतरायला सांगितलं. त्याला पटकन उतरता येईना, तसा आवाज चढत गेला. शेवटी सोडलं, पण तेव्हापासून तो गाडीला हात लावत नाही. त्याने काय करायला हवं होतं? आणि पोलिसांनी?

उत्तर : भावाला सगळ्यात आधी हे सांगा, की त्या रात्री त्याच्या हातून गुन्हा तर नाहीच, साधी चूकही झाली नव्हती. पोलिसाला जे कळायला हवं होतं ते त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच त्याचं मत बनून गेलं होतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अपंग माणूस गाडी चालवू शकेल का हे तपासणं, त्याच्या शरीराला सोयीचे बदल गाडीत सुचवणं आणि मग शेजारच्या सीटवर बसून त्याला शिकवणं, हे काम 19 वर्षं करते आहे. अलीकडे वाहतूक पोलिसांच्या प्रशिक्षणातही मला बोलावतात. त्यामुळे काचेच्या आतून काय दिसतं आणि बाहेरून काय दिसतं, हे दोन्ही माझ्या कानावर पडत असतं. दोघांच्या गोष्टी ऐकल्या की वाटतं, हे दोघं एकाच रस्त्यावर उभे होते का?

गाडीकडे चालत येणारा पोलीस चार गोष्टी वाचत येतो. हात कुठे आहेत, आवाज कसा आहे, नजर कुठे आहे आणि सांगितलेलं किती पटकन केलं जातंय. त्याला तसंच शिकवलेलं असतं, आणि आत कोण बसलंय हे माहीत नसल्यामुळे तोही थोडा धास्तावलेला असतो. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), अपंगत्वामुळे नेमक्या याच चार गोष्टी बदललेल्या असतात. जड जीभ दारूची वाटते. नजर न भिडवणं लपवाछपवी वाटते. ऐकू न आल्यामुळे उत्तर दिलं नाही तर तो माज ठरतो. हाताला झटका आला तर सीटखालून काहीतरी काढतोय असं वाटतं. तोतरं बोलणाऱ्यांचं तर आणखी अवघड. त्यांच्यातले कितीतरी जण नेमके स्वतःच्या नावावर अडखळतात, आणि स्वतःचं नाव सांगताना जो अडखळतो तो खोटं बोलतोय, असा जगाचा पक्का समज आहे.

सेरेब्रल पाल्सीत याहून एक वाईट गोम आहे. अचानक मोठा आवाज झाला की शरीर दचकतं. आपण सगळेच दचकतो, पण या आजारात अनेकांचं दचकणं फार तीव्र असतं. स्नायू ताठरतात, हात उडतो, जीभ अडकते. म्हणजे पोलीस जितक्या मोठ्याने ओरडेल तितकं त्याचं सांगणं पाळणं चालकाला अशक्य होत जातं. पोलिसाला वाटतं, मुद्दाम करतोय. म्हणून तो आणखी ओरडतो. तुमच्या भावाच्या बाबतीत बहुधा हेच चक्र फिरलं असावं. हे चक्र मधे तोडता येत नाही, ते सुरूच होऊ नये हे बघावं लागतं. मी चालकांना आणि पोलिसांना दोघांनाही एकच क्रम शिकवते : आधी माहिती, मग हालचाल. खालचं सगळं त्याच क्रमाचा विस्तार आहे.

सुरुवात गाडी थांबवण्यापासून. मागे पोलिसांच्या गाडीचे दिवे दिसले की लगेच इंडिकेटर द्यायचा आणि वेग कमी करायचा. ‘मी तुम्हाला पाहिलंय, थांबतोय’ हा निरोप एवढ्याने पोचतो. जागा अरुंद किंवा अंधारी असेल तर चारही इंडिकेटर लावून सावकाश पुढे उजेडाच्या, सपाट जागी जावं. ही सपाट जागा अपंग चालकासाठी विशेष महत्त्वाची, कारण खरोखरच खाली उतरावं लागलं तर उतारावर व्हीलचेअर उभी राहत नाही आणि कुबडी घसरते.

थांबल्यावर हाताच्या कंट्रोलच्या गाडीत एक धोका आहे. तो चालकांनाही आधी लक्षात येत नाही, पोलिसांना तर माहीत असण्याचं कारणच नाही. या गाडीत ब्रेक हाताने धरलेला असतो. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, आणि ओढला, दाबला किंवा फिरवला की, जशी बनावट असेल तसा, ॲक्सिलरेटर. गाडी थांबली पण अजून ‘ड्राइव्ह’मध्येच आहे, अशा क्षणी कोणी दरडावलं ‘हात वर!’ आणि चालकाने आज्ञाधारकपणे हात वर केले, तर ब्रेक सुटतो आणि ऑटोमॅटिक गाडी आपोआप पुढे सरकते. बाहेरून ते कसं दिसतं? पळून जातोय. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत हे घडलं. गाडी जेमतेम हातभर सरकली असेल, पण पुढची दहा मिनिटं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट होती.

म्हणून भावाचा क्रम पक्का करून घ्या. गाडी थांबली की आधी ‘पार्क’, मग हँडब्रेक, मग इंजिन बंद. रात्र असेल तर आतला दिवा लावायचा. काच पूर्ण खाली. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर, वरच्या बाजूला, बाहेरून दिसतील असे. ज्याचा हात उडतो त्याने बोटं नुसती टेकवून ठेवू नयेत. अंगठा स्टिअरिंगच्या आऱ्यात अडकवावा किंवा फिरवायची मूठ बसवलेली असेल तर ती घट्ट धरावी. हाताला पकड मिळाली की झटका लहान दिसतो. हे सगळं पोलीस गाडीतून उतरून खिडकीपाशी येईपर्यंत व्हायला हवं. सराव असेल तर होतं.

आता माझी एक चूक सांगते. सुरुवातीची बरीच वर्षं मी शिकवायचे, की पोलीस यायच्या आत कागद काढून मांडीवर तयार ठेवा. सभ्यपणाचं वाटायचं. मग एका विद्यार्थिनीने सांगितलं, की ती कागदांसाठी डॅशबोर्डच्या कप्प्याकडे वाकली आणि मागून चालत येणारा पोलीस जागच्या जागी थांबून ओरडला. तिचं धड नीट सावरत नाही. वाकली की परत सरळ होण्यासाठी दाराचं हँडल ओढावं लागतं, वेळ लागतो, अंग वेडंवाकडं होतं. मागून बघणाऱ्याला फक्त एवढंच दिसलं, की कोणीतरी खाली वाकून धडपडत काहीतरी शोधतंय. तेव्हापासून मी उलटं शिकवते. कागदांना हात लावायचा नाही. पोलीस खिडकीशी आला, की कागद कुठे आहेत ते सांगायचं, काढू का विचारायचं, आणि हो म्हटल्यावरच हलायचं. शक्यतो ते कप्प्यात ठेवूच नयेत. सन व्हायजरला लावलेल्या पाकिटात ठेवले की हात वरच्या वर, सगळ्यांना दिसेल असा जातो.

त्याच पाकिटाच्या वरच्या बाजूला माहितीचं कार्ड लावायचं. तुमच्या भावासाठी मी असं लिहीन :

‘मला सेरेब्रल पाल्सी आहे. माझं बोलणं जड आहे, पण मला सगळं ऐकू येतं आणि समजतं. मी दारू प्यायलेलो नाही. फुंकून तपासायला तयार आहे. माझा उजवा हात आपोआप हलतो. मोठ्या आवाजाने तो जास्त हलतो. ही गाडी हाताने चालते. मला खाली उतरायला वेळ लागतो आणि आधार लागतो. कृपया एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि थोडं थांबा.’

एवढंच. अक्षर मोठं, टॉर्चच्या उजेडात चमकणार नाही असा कागद (लॅमिनेशन केलं की चकाकी येते आणि रात्री काही वाचता येत नाही, हे मला तीन कार्डं वाया गेल्यावर कळलं). लोक कार्डावर आजाराचा अख्खा इतिहास लिहितात, डॉक्टरांची पत्रं जोडतात. पोलिसाला पाच सेकंदांत दोनच गोष्टी कळायला हव्यात : मी जे पाहतोय त्याचा अर्थ काय, आणि मी आता काय करू. आजाराचं नाव त्यामानाने दुय्यम. ‘डिसार्थ्रिया’ लिहिण्यापेक्षा ‘बोलणं जड आहे’ लिहिलेलं बरं. दारूचं वाक्य मात्र खरं असेल तरच कामाचं. ज्या दिवशी दोन घोट घेतलेत त्या दिवशी गाडी घरीच राहिली पाहिजे, हे भावाला सांगायची गरज नसेल, पण मी सगळ्यांना सांगते.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याने 2020 मध्ये ऑटिझम असलेल्या चालकांसाठी निळं पाकीट सुरू केलं. लायसन्स, गाडीची नोंदणी आणि विम्याचे कागद त्यात राहतात. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला चालकासाठीही सूचना आणि पोलिसासाठीही. नंतर आणखी काही राज्यांनी तेच उचललं. टेक्सासने वेगळी वाट धरली. तिथे 2019 च्या कायद्यानुसार, ज्याला संवादात अडचण येते तो चालक गाडीच्या नोंदणीतच तशी नोंद करून घेऊ शकतो. पोलीस नंबर तपासतो तेव्हा, म्हणजे गाडीपर्यंत पोचायच्या आधीच, त्याला ते समजू शकतं.

दोन्हीत चांगलं कोणतं? क्रम ‘आधी माहिती’ असा धरला तर टेक्सासची पद्धत सरस, कारण पाकीट दाखवायलाही हात हलवावा लागतोच. पण नोंद गाडीला चिकटते, माणसाला नाही. भावाची गाडी तुम्ही चालवत असाल तर पोलीस तुमच्याकडेही त्याच नजरेने पाहणार, आणि तो दुसऱ्याची गाडी चालवत असेल तर नोंदीचा उपयोग शून्य. शिवाय आपल्या अपंगत्वाची नोंद सरकारी यंत्रणेत असावी की नसावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझे काही विद्यार्थी कार्डसुद्धा ठेवायला नकार देतात. ‘मी काय गळ्यात पाटी घालून फिरू?’ असं एकाने मला विचारलं होतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. कार्ड ही सोय आहे, सक्ती नव्हे, आणि कार्ड नसलेल्या अपंग माणसाशी पोलिसाने कसंही वागावं असाही त्याचा अर्थ होत नाही. कुठल्याही योजनेत मला हीच भीती वाटते, की उद्या कोणीतरी म्हणेल, ‘मग कार्ड का नाही दाखवलंत?’

आता दारूच्या संशयाकडे येते, कारण तुमच्या भावाला पुन्हा कधी थांबवलं तर तोच येणार. रस्त्यावर उभं करून शरीराची चाचणी घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अमेरिकेत ठरवून दिलेल्या चाचण्या तीन : पेन किंवा बोट डोळ्यांसमोर फिरवून बुबुळं थरथरतात का पाहणं, टाचेला पंजा लावत सरळ रेषेत नऊ पावलं चालून वळून परत येणं, आणि एक पाय उचलून सुमारे 30 सेकंद उभं राहणं. सेरेब्रल पाल्सी, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, कानाच्या आतल्या भागाचा विकार, कृत्रिम पाय, डोक्याची जुनी दुखापत, यांपैकी काहीही असेल तर माणूस पाण्याशिवाय काही प्यायलेला नसतानाही यात नापास होऊ शकतो. बुबुळांची थरथर जन्मजात असू शकते, अपस्माराच्या काही औषधांनीही येते. चालण्याच्या आणि उभं राहण्याच्या चाचण्या पाठीचा, पायांचा किंवा कानाचा त्रास असलेल्यांवर विश्वासार्ह नाहीत, हे त्या चाचण्या शिकवणाऱ्या सरकारी पुस्तिकांतच लिहिलेलं असतं. पण रात्री अकरा वाजता रस्त्याच्या कडेला पुस्तिका कोणाला आठवते?

तेव्हा भावाने शांतपणे म्हणावं, किंवा कार्डावर बोट ठेवावं : शरीराची चाचणी नको, फुंकून तपासा. चांगलं ब्रीद ॲनालायझर जिभेच्या जडपणाकडे बघत नाही, श्वासातल्या अल्कोहोलकडे बघतं. यातही एक पोटप्रश्न आहे. यंत्राला सलग, ठरावीक जोराचा श्वास लागतो, साधारण सव्वा ते दीड लिटर. मानेपाशी मणक्याला इजा झालेल्यांना, स्नायूंचा ऱ्हास होत असलेल्यांना, दम्याच्या जुन्या रुग्णांना तो देता येतोच असं नाही. ओठ नळीभोवती नीट मिटत नसतील तरी हवा बाजूने निसटते. अर्धवट फुंकर म्हणजे नकार, असं पोलिसांनी धरू नये, आणि चालकाने गप्प न राहता ‘जमत नाहीये, रक्त तपासा’ असं स्पष्ट सांगावं. घरी एखाद्या साध्या यंत्रावर भावाला फुंकून बघू द्या. जमतं की नाही हे पहिल्यांदा रस्त्यावर कळू नये.

मधुमेहाचा उल्लेख इथेच करते, कारण गल्लत तीच आहे. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली की घाम, थरथर, चिडचिड; आणखी खाली गेली की गोंधळ आणि लडबडतं बोलणं. हा माणूस हुबेहूब झिंगल्यासारखा दिसतो. फरक इतकाच, की दारूबाजाला बसवून ठेवलं तर काही तासांनी त्याची नशा उतरते, आणि याला बसवून ठेवलं तर तो बेशुद्ध पडू शकतो. हातावर सेन्सर, कमरेला इन्सुलिनचा पंप, गाडीत ग्लुकोजच्या गोळ्या, असं काही दिसलं तर पोलिसाने आधी साखर द्यावी. गिळता येत नसेल, तर तोंडात काही न घालता थेट रुग्णवाहिका.

‘खाली उतर.’ या दोन शब्दांवर मी पोलिसांच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच ठरवून टाकलं, की रीतसर थांबवलेल्या गाडीच्या चालकाला पोलीस खाली उतरायला सांगू शकतो. इतरही बहुतेक ठिकाणी पोलिसाला हा अधिकार या ना त्या रूपात असतोच. पण अधिकार असला तरी शरीराला ते जमायला हवं ना! पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला उतरायचं तर आधी मागच्या किंवा शेजारच्या सीटवरची व्हीलचेअर बाहेर काढावी लागते, चाकं जोडावी लागतात, मग हातांवर अंग तोलून सरकावं लागतं. सवयीच्या माणसालाही काही मिनिटं लागतात. त्याला ओढून बाहेर काढलं तर खांदा निखळू शकतो. खांदे हेच त्याचे पाय आहेत. एक खांदा गेला तर त्याचं चालणं, उठणं, संडासला जाणं, सगळं महिनोन् महिने थांबतं. पायांना संवेदना नसेल तर दुपारच्या तापलेल्या डांबरावर बसवल्यावर कातडी भाजते आणि त्याला पत्ताच लागत नाही. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर घाम येत नाही, बंद गाडीत अंग तापत जातं. लघवीची नळी कुठे दुमडली, अंगाखाली काही रुतलं, तर रक्तदाब एकदम भडकू शकतो. डोकं प्रचंड दुखतंय असं असा माणूस सांगत असेल तर ते नाटक समजू नये. ती तातडीची वैद्यकीय वेळ आहे.

म्हणून पोलिसांना माझा साधा आग्रह असतो : उतरायची खरंच गरज आहे का, हे आधी स्वतःला विचारा. कागद खिडकीतून बघता येतात, फुंकूनही खिडकीतून घेता येतं. गरज असेलच तर विचारा, ‘तुम्ही नेहमी कसे उतरता?’ या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच माणसाला माहीत असतं आणि तो समोर बसलेला आहे. न विचारता काखेत हात घालून उचलू नका. कुबडी, काठी, व्हीलचेअर हातभर अंतरापलीकडे नेऊ नका.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं गणित वेगळं. सायरन ऐकू येत नसला तरी आरशात दिवे दिसतात, त्यामुळे ते थांबतात. अडचण त्यानंतर येते. पोलीस चालकाच्या मागच्या बाजूला उभं राहून बोलतो. ते त्याच्या सुरक्षेसाठी असतं, पण ओठ दिसत नाहीत. रात्री टॉर्च थेट डोळ्यांत असतो, त्यामुळे चेहराच दिसत नाही. आणि ‘ओठांवरून कळतं की त्यांना’ हा समज तर फारच फसवा. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पान’, ‘भान’, ‘मान’ म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ तसेच मिटतात, तसेच उघडतात. संदर्भ माहीत असला तर अंदाज बांधता येतो. अनोळखी माणूस अंधारात नेमकं काय विचारतोय याचा अंदाज बांधून उत्तर देणं म्हणजे संकटाला आमंत्रण. कागद-पेन किंवा फोनवर टाइप करून दाखवणं हा उपाय. पण फोन खिशातून काढायच्या आधी कानाकडे बोट दाखवून मान हलवायची, मग लिहिण्याची खूण करायची. क्रम तोच.

आणि हे पोलिसांसाठी : खुणांच्या भाषेत बोलणाऱ्याचे हात पाठीमागे बांधले तर तुम्ही त्याचं तोंड बांधलं. बेड्या घालायचीच वेळ आली तर हात पुढे ठेवून घाला. दंडाच्या पावतीपुरतं लिहून भागेल, पण पुढे जबाब घ्यायचा असेल तर दुभाषा हवा, आणि त्या कामाला गाडीतल्या लहान मुलाला जुंपू नये.

ऑटिझम असलेला चालक बाहेरून पूर्ण ‘नॉर्मल’ दिसतो. त्यामुळे त्याला सवलत सगळ्यात कमी मिळते. लुकलुकणारे दिवे, वायरलेसची खरखर, अनोळखी माणूस अगदी जवळ, हे सगळं एकदम अंगावर येतं. काही जण विचारलेला प्रश्नच परत म्हणतात. ती चेष्टा नसते, डोकं प्रश्न पचवत असतं. आणि बोलण्याचा शब्दशः अर्थ घेतात. ‘जरा लायसन्स दाखवता का?’ यावर ‘हो’ म्हणून तो नुसता बसून राहील, कारण प्रश्नाचं उत्तर त्याने दिलेलं आहे. ‘डोकं ठिकाणावर आहे का?’ याचंही तो प्रामाणिकपणे उत्तर देईल आणि पोलिसाचा पारा चढेल. सरळ, छोटं वाक्य बोलावं : ‘लायसन्स माझ्या हातात द्या.’ गाडी सुरक्षित उभी असेल तर वरचे फिरते दिवे बंद करावेत. पुढे काय होणार तेही सांगावं, ‘मी पाच मिनिटांत परत येतो, तुम्ही इथेच बसा.’ एवढ्या एका वाक्याने किती फरक पडतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पोलिसांच्या प्रशिक्षणाबद्दल थोडं. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 मध्ये झाला. त्याच्या 13 व्या कलमात पोलिसांना योग्य प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारांवर टाकलेली आहे. ते दिलं कसं जातं, हा खरा मुद्दा. पूर्वी मी पोलिसांना डोळ्यांवर पट्टी बांधून, व्हीलचेअरवर बसवून फिरवायचे. ते हसायचे, मग गंभीर व्हायचे, मग मला म्हणायचे, ‘मॅडम, बिचाऱ्यांचे किती हाल!’ मला हे नको होतं. कीव आलेला माणूस रस्त्यावर नीट वागेलच असं नाही, तो उगाच हात धरून ओढायला जातो. आता मी माझ्याच दोन-तीन विद्यार्थ्यांना त्यांच्या गाड्यांसकट मैदानावर बोलावते आणि पोलिसांना त्यांना खरोखर थांबवायला सांगते. दहा वेळा, वेगवेगळ्या तऱ्हेने. बोलणाऱ्याने एकच असावं, दोघांनी दोन बाजूंनी प्रश्न विचारू नयेत, हे तिथे त्यांना आपोआप उमगतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं, हे मात्र मुद्दाम शिकवावं लागतं. दहा सेकंद म्हणजे किती लांब असतात, हे वर्दीतल्या माणसाला मोजल्याशिवाय कळत नाही. शेजारी कोणी बसलेलं असेल तर प्रश्न त्याला विचारायचा मोहही तिथेच सुटतो, कारण माझे विद्यार्थी सरळ म्हणतात, ‘साहेब, गाडी मी चालवतोय.’

शेजारी बसणाऱ्यांना, म्हणजे तुम्हालाही, एक सांगते. भावाला थांबवलं आणि तुम्ही सोबत असलात, तर उतरून पोलिसाकडे जाऊ नका. मदतीला जाणारा माणूस पोलिसाला दुसरा धोका वाटतो. हात समोर ठेवून बसल्या जागेवरून एकच वाक्य बोला : ‘त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, पाकिटावर लिहिलंय.’ मग गप्प राहा. हे गप्प राहणं फार अवघड जातं, विशेषतः आयांना.

झाल्या प्रकाराबद्दल तक्रार करायची का, हे भावाला ठरवू द्या. करायची असेल तर आठवतं तोवर वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते क्रमाने लिहून ठेवा, आणि तक्रारीत ‘अपमान झाला’ याच्या जोडीने काय वेगळं करता आलं असतं तेही लिहा. नुसत्या अपमानाच्या तक्रारीवर उत्तर म्हणून दिलगिरी येते आणि फाइल बंद होते. पुढच्यासाठी डॅशकॅम बसवलात तर उत्तम.

गाडी पुन्हा सुरू कशी करायची? एकदम रात्री रस्त्यावर नको. घरासमोर उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, नुसत्या क्रमाचा सराव घ्या : पार्क, हँडब्रेक, दिवा, काच, हात, मग कार्डाकडे बोट. रोज दोनदा, आठवडाभर. मग अंधार पडल्यावर तेच, टॉर्च घेऊन. मग त्याला फारसा ओळखत नसलेल्या कोणालातरी पोलीस व्हायला सांगा, आणि त्याला थोडा आवाज चढवू द्या. हात उडेल, उडू द्या. स्टिअरिंगच्या आऱ्यात अडकवलेला अंगठा सुटत नाही ना, तेवढंच बघा. हे जमलं की दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, छोटी फेरी.

आणि अगदी पहिल्या दिवशी पोलीस त्यालाच होऊ द्या. तुम्ही स्टिअरिंगवर बसा, तो टॉर्च घेऊन खिडकीशी येईल. डोळ्यांवर उजेड आला की कार्ड वाचायला काय अडचण येते, हे तोच तुम्हाला सांगेल, आणि मग कार्डावरचा मजकूर तुम्हा दोघांनाच बदलून घ्यावा लागेल.